दिघा गाव सोडलं की ठाणं

ऐरोलीत राहून वीस वर्षं झाली, दिघा गाव सोडलं की पुढचंच स्टेशन ठाणं, तरी तिथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची पायरी मी कधी चढले नव्हते. सासूबाई माहेरच्या ठाण्याच्या. त्या कायम सांगायच्या, अगं आमचे अण्णा दर शनिवारी तिथून पुस्तक आणायचे आणि रविवारी जेवणं झाली की सगळ्यांना बसवून वाचून दाखवायचे. शेवटी गेल्या शनिवारी निघालेच. दहा नंबरला उतरले, पूल चढून वेस्टला आले, स्टेशन रोडच्या गर्दीतून वाट काढत सुभाष पथावर पोचले.

स्थापना 1 जून 1893! बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली 1853 ला, म्हणजे त्यानंतर फक्त चाळीस वर्षांनी. तेव्हा गावोगावी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' होत्या, पण नावासारखाच त्यांचा ओढा इंग्रजीकडे. फक्त मराठी पुस्तकांसाठी वेगळी संस्था हवी असं ज्यांना वाटलं त्यात पुढे होते विनायक लक्ष्मण भावे, जन्म 1871 चा, म्हणजे वय जेमतेम एकवीस! माझा मुलगा आत्ता तेवढाच आहे, म्हणून मला ते वाचून एकदम भरूनच आलं. पुढे याच भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिलं, जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास. मला वाटतं हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी पुस्तकं गोळा करायला लागले आणि मग इतिहास लिहिला, कारण पोथ्या आणि पुस्तकं हाताशी नसतील तर इतिहास लिहिणार कशावरून? मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालयही 1898 चं, म्हणजे मुंबईच्या पाच वर्षं आधी हे काम ठाण्याने केलं. हे ठाणेकरांनी जरा जास्त मोठ्याने सांगायला हवं.

आत पेपर वाचणारे आजोबा होते, स्पर्धा परीक्षेची दोन पोरं होती, पंखा फिरत होता. काउंटरवरच्या काकांना अण्णांचं सांगितलं तर ते म्हणाले, "इथे येणाऱ्यांत असे बरेच असतात, आजोबांचं नाव घेऊन येणारे."

घरी येऊन सासूबाईंना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावला, एकेक फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, पुढच्या शनिवारी मलाही ने, मेंबर व्हायचंय.