खाटेजवळचे संशोधन

व्हेंटिलेटरवरील रुग्णाची ऑक्सिजनची पातळी ९८ दिसली की महाराष्ट्रात रेसिडेन्सी करताना आम्हाला हायसे वाटत असे. ब्रिटनमध्ये अतिदक्षता वैद्यकशास्त्राचे प्रशिक्षण सुरू झाले, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका परिचारिकेने मला सांगितले, "या रुग्णाची पातळी ८८ ते ९२ ठेवायची आहे, ते यूके-रॉक्समध्ये आहेत." मॉनिटरवर ९५ होते. ऑक्सिजन कमी करताना माझा हात अडखळला.

यूके-रॉक्स या चाचणीत ९७ अतिदक्षता विभागांतील व्हेंटिलेटरवरचे सुमारे १६,५०० रुग्ण सहभागी झाले; एका गटात ऑक्सिजनची पातळी ८८ ते ९२ ठेवायची होती, तर दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे ऑक्सिजन द्यायचा होता. २०२५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा ९० दिवसांतील मृत्युदरात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. हे उत्तर मला मोलाचे वाटते, कारण २०२१ मध्ये सिलिंडर मोजत रात्री काढलेल्या आपल्याकडच्या डॉक्टरांना किती ऑक्सिजन पुरेसा, हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

सर्वांत अधिक शिकलो ते संमतीविषयी. बेशुद्ध रुग्णाला विचारता येत नाही आणि उपचार तर काही तासांतच ठरवायचे असतात, म्हणून नैतिकता समितीच्या पूर्वपरवानगीने रुग्णाला आधी चाचणीत घेतले जाते आणि संमती नंतर मागितली जाते. एका रुग्णाच्या पत्नीशी बोलायला बसलो, तेव्हा माझ्या वरिष्ठांनी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि आधी त्यांना रात्र कशी गेली ते विचारले. बराच वेळ त्या बोलत राहिल्या. कागद त्यानंतर सुलटा झाला. नकार दिला तरी उपचारांत काहीही उणे पडणार नाही, हे वरिष्ठांनी दोनदा सांगितले.

येथे अशा संशोधनात सहभागी होण्यासाठी विद्यापीठात पद असावे लागत नाही. राष्ट्रीय आरोग्य व काळजी संशोधन संस्थेच्या (एनआयएचआर) 'असोसिएट प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर' योजनेत प्रशिक्षणार्थी आपले नेहमीचे काम सांभाळून सहा महिने एखाद्या चाचणीच्या स्थानिक प्रमुखाच्या हाताखाली शिकतो. पुढे संशोधनातच राहायचे असेल, तर इंग्लंडमध्ये अकॅडमिक क्लिनिकल फेलोशिप असते आणि तिच्यात कामाचा चौथा हिस्सा संशोधनासाठी राखून ठेवलेला असतो. तो राखीव वेळ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण रात्रपाळी उतरल्यावर उरलेल्या तासांत, केवळ परीक्षेपुरता लिहिलेला माझा प्रबंध पुन्हा कोणी उघडला नाही, याची खंत मला आजही आहे. इकडे येऊ इच्छिणाऱ्यांनी मुलाखतीत पगार आणि पाळ्यांबरोबरच त्या विभागात सध्या कोणत्या चाचण्या सुरू आहेत, हेही अवश्य विचारावे.