गर्ल स्काउटचं गाणं बसवताना: गिटारी झाल्या, गळा बाकी

‘डू यू रिमेंबर सॅली मूर?’चं कव्हर (म्हणजे त्यांचं गाणं मी पुन्हा वाजवून केलेली आवृत्ती) आता चार लोकांना ऐकवण्याजोगं झालंय. ड्रम्स, बास, दोन्ही गिटारी जागेवर आहेत. गळ्याचं काम अजून कच्चं आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गर्ल स्काउट हा स्टॉकहोमचा इंडी रॉक बँड. एमा यान्सन गाते आणि गिटार वाजवते, एव्हेलिना आर्विड्सन एक्लिंड बास वाजवता वाजवता दुसरा आवाज देते, पेर लिंडबर्ग ड्रम्सवर. वर म्हटलेलं गाणं हे त्यांचं २०२२ मधलं पहिलं सिंगल. २०२३ मध्ये ‘रिअल लाइफ ह्यूमन गार्बेज’ आणि ‘ग्रॅनी म्युझिक’ असे दोन ईपी (अल्बमपेक्षा छोटे, मोजक्या गाण्यांचे संच) पाठोपाठ आले. बँडचं मूळ स्टॉकहोमच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये आहे, आणि तेही जॅझ विभागात.

जॅझवाल्यांचा रॉक म्हटलं की दर दोन ओळींनी एखादी वाकडी कॉर्ड येणार आणि आपली बोटं मोडणार, अशी धास्ती असते. इथे तसं होत नाही. नव्वदच्या दशकातल्या गिटार बँडांची सावली स्पष्ट दिसते: डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज), सरळ ताल, तोंडात घोळणारी चाल. शिक्षण दिसतं ते गाळण्यात. कुठे थांबायचं, कुठली तार मोकळी सोडायची, कडव्यात गायिकेला किती जागा द्यायची, हे त्यांना नेमकं कळतं. आपण घरी वाजवताना मात्र प्रत्येक रिकाम्या मात्रेत काहीतरी कोंबतो.

आता काम कसं केलं ते. गाण्याचा वेग पाऊणपट केला, पट्टी तीच ठेवली आणि आधी फक्त बास उतरवून घेतला. बासचा स्वर हाती लागला की वरच्या कॉर्डचा निम्मा पत्ता लागतो. मग एकच इअरफोन लावून ऐकलं, आधी डावा, मग उजवा. मिक्समध्ये गिटारी दोन टोकांना ठेवलेल्या असतील तर या साध्या युक्तीने त्या पुष्कळ सुट्या होतात. वाद्यं वेगळी करून देणारं सॉफ्टवेअर हल्ली सगळेच वापरतात. मीही वापरून पाहिलं, पण त्यात गिटारचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो आणि कान आळशी होतात ते वेगळंच.

मांडणी मूळ गाण्याची नक्कल नाही, माझी आहे. डावीकडे पूर्ण कॉर्ड, उजवीकडे फक्त वरच्या तीन तारांवर तेच सूर. कोरसमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण कॉर्ड, आणि प्रत्येक बाजू वेगळी वाजवलेली. हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावं: एकच टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, नुसता मोठा होतो. दोन वेगळ्या टेकमध्ये हात केसभर मागेपुढे पडतो, त्या फरकातूनच रुंदी येते. आणि असं दुहेरी वाजवताना गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, कमी ठेवायचा. दोन मध्यम डिस्टॉर्शन मिळून पुरेसं जाड होतं. दोन्हीकडे पेडल पूर्ण पिळलं की सगळ्याचा चिखल होतो आणि ठोका हरवतो. गिटारींचा ९० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकला, तेव्हा कुठे बासला बसायला जागा मिळाली.

ड्रम्स प्रोग्राम केलेत. प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा असेल तर मशीन लगेच उघडं पडतं, म्हणून हाय-हॅटचे ठोके एकेक करून खालीवर केले. कंटाळवाणं काम आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

या बँडच्या घट्टपणाचं श्रेय मी एकट्या कॉलेजला देणार नाही. स्वीडनमध्ये मुलं जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेच्या संगीतशाळेत कमी फीमध्ये वाद्य शिकू शकतात. पुढे बँड केला तर तो ‘अभ्यासमंडळ’ म्हणून नोंदवता येतो. कामगार चळवळीतून १९१२ मध्ये निघालेली एबीएफ किंवा तिच्यासारख्या लोकशिक्षण संस्था सरकारी अनुदानातून अशा मंडळांना सरावाची खोली स्वस्तात देतात. तिकडच्या कितीतरी रॉक बँडांची सुरुवात अशाच तळघरांतून झाली आहे. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने या संस्थांच्या अनुदानात मोठी कपात जाहीर केली, तेव्हा संगीतवाले भडकले ते उगाच नाही. आपल्याकडे जॅम रूम तासाच्या भाड्याने. अँप गरम होईपर्यंत आणि ड्रमर येईपर्यंत पहिला तास संपतो, आणि मग चार माणसांनी एकत्र श्वास घ्यायला शिकायचं कधी?

गाणी इंग्रजीत आहेत, ही स्वीडनची जुनी वाट. द कार्डिगन्स त्याच वाटेने जगभर गेले. उलट केंटसारखा बँड स्वीडिशमध्ये गाऊन देशात अफाट मोठा झाला आणि बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. ‘मराठी रॉक का नाही’ हा आपला आवडता वाद परत उकरायचा असेल तर केंटपासून सुरुवात करा. माझं मत आधीच सांगतो: भाषा अडचण नसते, सरावाला खोली नसणं ही असते.

नवं संगीत ताजं ताजं ऐकणाऱ्यांसाठी एक बारकी गोष्ट. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार आणि अमेरिकेत मंगळवार असायचा. स्ट्रीमिंगवर गाणं ज्या त्या देशाच्या मध्यरात्री सुटणार असेल, तर आपल्याला ते स्टॉकहोमच्या आधी मिळतं: हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांच्या गावाचं गाणं आपण आधी ऐकतो आणि त्यांची संध्याकाळ अजून सुरूच असते. गुरुवारी रात्री बाराला जागं राहायला एवढं कारण मला पुरतं. छोट्या बँडांच्या बाबतीत तर जास्तच, कारण ते अल्बमची वाट न बघता एकेक गाणं सोडत जातात, आणि दर वेळी काय बदललं ते कानाला लगेच कळतं.

आता गळा. मूळ पट्टी माझ्या आवाजाला उंच पडते. गिटार खाली ट्यून केली तर तारा सैल पडून वरच्या तीन तारांचं काम मिळमिळीत होतं. कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून दुसऱ्या पट्टीत नेलं तर मोकळ्या तारांची जागाच बदलते. दोन्ही नको असल्याने सध्या मुख्य आवाजासाठी गायिका शोधतोय आणि खालचा दुसरा आवाज मी स्वतः देणार आहे. तो गाताना बासची ओळ हातात असली की सूर पक्का धरता येतो, म्हणून सध्या बास वाजवत गाण्याचा सराव चालू आहे. हात आणि तोंड अजून एकमेकांचं ऐकत नाहीत. कोथरूड-कर्वेनगर भागात कुणी इंग्रजी गाणी गाणारी असेल तर जरूर सांगा, गिटारचा ट्रॅक लगेच पाठवतो.