न फिरवल्यामुळे

१९ मे

घोडी आली. टेम्पोच्या फळीवरून उतरायला तिने पाऊण तास घेतला. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर, कुणी शेपटीला धरून मागे खेचतंय अशी उभी. रंगाने नुकरा, म्हणजे पांढरीशुभ्र असायला हवी. पण पाठीवर झुलीने घासून केस गेलेले दोन चट्टे, कपाळावर कुठल्यातरी लग्नातली हळद आणि ओठांच्या कोपऱ्यांत जुने वण. काटेरी लगामाचे. त्या लगामाला जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांपासून मनाई आहे, आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून सापडतो.

नाव बिजली. मालकाने दोर माझ्या हातात देताना सवयीने म्हटलं, "नाचते झकास बरं का, मॅडम." मग तिच्या पायांकडे पाहिलं आणि गप्प झाला.

झालं होतं असं. मंगल कार्यालयामागे बांधलेली असताना ती सुटली आणि पुऱ्यांसाठी मळलेली कणीक फस्त करून बसली. किती खाल्ली, कुणी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी वरात होती. ती वरातीत चाललीसुद्धा. तिसऱ्या दिवशी उठेना.

२० मे

डॉक्टर म्हणाले, लॅमिनायटिस. नाव माहीत होतं, प्रकरण माहीत नव्हतं. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. आतलं हाड त्या नखाला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी अडकवून ठेवलेलं असतं. पोटात पिष्ट पदार्थ जास्त झाले की मोठ्या आतड्यातले जंतू बिघडतात, त्यांचं विष रक्तात उतरतं आणि त्याचा मार बसतो या पापुद्र्यांवर. ते सुजतात, पण सुजायला जागा कुठे आहे? भोवती खुराची टणक भिंत. आपल्याला नखुरडं झालं की हात कुठे ठेवू असं होतं. हिने त्या नखुरड्यावर पावणेतीनशे किलो तोलायचे. (वजन टेपने काढलं. छातीचा घेर १५२ सेंटिमीटर, लांबी १४०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. उत्तर २७२.)

डॉक्टरांनी माझी बोटं धरून तिच्या खुराच्या वर, सांध्याच्या मागच्या बाजूला ठेवली. तिथली नाडी निरोगी घोड्यात शोधावी लागते. हिची ठणठण उडत होती.

बर्फात पाय ठेवायचे असतात ते पहिल्या दोन-तीन दिवसांत. आमच्याकडे आली तो सहावा दिवस. म्हणजे आमचा बर्फ शब्दशः वरातीमागून घोडं.

२१ मे

तात्या बांधावरून आले. ऐंशी वर्षांचे, लहानपणी घरी घोडं होतं. बराच वेळ बघून म्हणाले, "फिरव तिला. उभी राहून राहून धरलीय. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? शाळेत शिकवतेस ना पोरांना?"

शिकवते. तिन्हींचं एकच उत्तर, न फिरवल्यामुळे. आणि डॉक्टर नेमकं उलट सांगून गेले होते. पापुद्रे सैल झालेत, प्रत्येक पावलागणिक हाड आणखी निसटेल, तेव्हा एक पाऊलही जबरदस्तीने टाकायला लावू नका. दुखण्याचं औषध चालू आहे म्हणून ती हिंडू लागली तर तेही बरं झाल्याचं लक्षण समजू नका.

तात्यांना हे पटलं नाही. "घोड्याला बसवून ठेवायचं म्हणजे..." म्हणत गेले.

२६ मे

वखारीतून लाकडाचा भुसा आणला, गोठ्यात वीतभर पसरला. माझी योगासनांची चटई कापून चार-चार थर तिच्या तळव्यांना चिकटपट्टीने बांधले. निदान चटईचा उपयोग झाला. आज ती पहिल्यांदा आडवी झाली आणि तीन तास झोपली. झोपेत घोरते.

२९ मे

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते.

गावात लग्न होतं. संध्याकाळी नवरदेव परण्याला मारुतीच्या देवळाकडे निघाला. हलगी आमच्या रस्त्याने आली. बिजली भुशात पाय रुतवून डोळे मिटून उभी होती. पहिल्या ठोक्याला कान ताठ. मग तिने उजवा पुढचा पाय उचलला, गुडघ्यात पूर्ण दुमडून, टाकला. डावा उचलला, टाकला. प्रत्येक वेळी टेकताना तिचं सगळं अंग थरथरत होतं, तोंडाला फेस, आणि तरी ठेका चुकत नव्हता. मी गळ्यात हात टाकून तिला धरलं, काही उपयोग नाही. हलगी वळणापलीकडे गेल्यावर थांबली.

मालकाला फोन केला. म्हणाला, दोन खुंट्यांमध्ये आवळून बांधतात, ताशा वाजवतात आणि काठीने नळीवर टकटक करतात, पाय उचलेपर्यंत. "लहानपणीच शिकवलं की मरेस्तोवर विसरत नाही, मॅडम." त्याच्या आवाजात अभिमान होता की दुसरं काही, मला कळलं नाही. त्याच्यावर नुसतं चिडणंही जमेना. मोसमातल्या चाळीस वराती म्हणजे त्याचं वर्षाचं घर.

४ जून

एक्स-रे. खुराच्या आतलं हाड सात अंशांनी फिरलंय, टोक तळव्याकडे झुकलंय. तळवा फोडून बाहेर आलं असतं तर बोलायलाच नको होतं.

पुण्याच्या रेसकोर्सवर उमर घातलेले नालबंद चाचा आले. नाल काढले, लांबलेला चवडा मागे कापला, टाचा जपल्या. काम सोपं, पण एक पाय उचलायचा म्हणजे दुसऱ्या दुखऱ्या पायावर सगळा भार. तिने दोनदा चाचांना भिंतीला लावलं. चाचा म्हणाले, "ताई, पुढच्या वेळेपर्यंत हिला एवढं शिकवा. पाय द्यायचा, आणि परत मिळतो हे तिला कळलं पाहिजे."

जून-जुलै, सगळं एकत्रच लिहिते

पहाटे वाळलेलं पवन्या गवत तासभर पाण्यात भिजवायचं, म्हणजे त्यातली साखर उतरते. ते तपकिरी पाणी अंजिरांना. चंदी, म्हणजे दाणा, पूर्ण बंद. येणारे-जाणारे गुळाचा खडा घेऊन येतात, देवाच्या घोड्याला द्यावा तसा. दारावर पाटी लावली, "गूळ, जिलेबी, पोळी देऊ नये." लोक पाटी वाचतात आणि विचारतात, "थोडा चालेल ना?"

शिकवणी अशी. हातात लसूणघासाच्या काड्या, बोटाएवढ्या. पायाला हात लावला, ती शांत राहिली, काडी. पाय सैल केला, काडी. एक सेकंद उचलला, खाली ठेवला, काडी. मी मोठ्याने मोजते. बारा दिवसांनी आम्ही पाच आकड्यांपर्यंत पोचलो. शाळेतली पहिलीची पोरं याहून लवकर शिकतात, पण त्यांचे पाय दुखत नसतात.

दुसरी शिकवणी जास्त अवघड, "थांब." मोबाइलवर हलगी लावायची, अगदी हळू, डास गुणगुणावा इतकी. ती चारही पायांवर उभी राहिली की काडी. आवाज एक घर वाढवायचा. पाय उचलला की बंद, पुन्हा डास. काही न करण्याबद्दल खाऊ मिळतो, हे तिला कितीतरी दिवस समजलंच नाही. संशयाने बघायची.

१२ नोव्हेंबर

खुराच्या भिंतीवर मे महिन्याची रेघ आहे, आडवी, उंचवट्यासारखी. केसांच्या कडेपासून आता ५० मिलिमीटर खाली आलीय. महिन्याला आठ-नऊ मिलिमीटर. मी पट्टी घेऊन बसले की तात्या हसतात. टाचेकडे रेघा दूर-दूर, पुढे चिकटलेल्या. चवडा अजून नीट वाढत नाही. पुण्याचा मोसम संपून घोडे मुंबईला गेले, चाचाही गेले. आता महालक्ष्मी रेसकोर्सवरून सुट्टी काढून येणार. दर सहा आठवड्यांनी, असं कबूल केलंय. बघू.

२ फेब्रुवारी

आज दोर लावून अंगणात वीस पावलं. मऊ मातीत, सरळ. वळवायचं नाही. तात्या खुर्ची घेऊन बसले होते. "अखेर फिरवलीस," म्हणाले. वजन ३२५. याच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पाठीवर कुणी बसायचं नाही, कधीच. हे ऐकून तात्या म्हणाले, "मग माउलींच्या अश्वासारखी. पाठ मोकळी, पण मान मोठा." पालखीसोबत अंकलीहून येणाऱ्या दोन घोड्यांपैकी एकावर कुणी बसत नाही, त्यावर माउली असतात. आमच्या पाठीवर सध्या कावळे बसतात.

ज्येष्ठ वद्य, पालखी सासवडला

मागच्या आठवड्यात चाचांनी चवड्याची शेवटची कड कापली. मेमधली रेघ त्यात गेली. तो तुकडा मी उचलून ठेवला, कपाटात, का ते माहीत नाही.

आज दिवसभर दिंड्या. वाट चुकलेली एक छोटी दिंडी आमच्या रस्त्याने आली, पंधरा-वीस माणसं, एक मृदंग, टाळ. बिजली कुंपणापाशी होती. दोर नव्हता. मी पळत गेले, खिशात काड्या होत्याच.

कान ताठ. ती थांबली. तेरा महिने शिकवल्याप्रमाणे चारही पायांवर, माझ्याकडे बघत, काडीची वाट पाहत. मी दिली. दुसरी दिली. मग दिंडी अगदी समोर आली, एका म्हातारबाबांनी तिला हात जोडले, आणि तिने उजवा पाय उचलला. दुमडला, टाकला. डावा. अंग थरथरलं नाही. फेस नाही. मी वाकून तिच्या खुरावरची नाडी शोधली. बराच वेळ सापडली नाही.

"थांब" म्हणायला तोंड उघडलं होतं. हातातली काडी तशीच राहिली. मृदंग वळणापलीकडे गेल्यावरही तिने आणखी चार-पाच पावलं टाकली.