पेन आणलाय काय?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ‘पेन आणलाय काय?’ असे विचारले, की गिऱ्हाईक खिशातून पेनड्राइव्ह काढते; शाईचे पेन पुढे केलेले मी तरी पाहिलेले नाही. वास्तविक या वस्तूने एक अक्षरही लिहिता येत नाही, आणि आत फिरणारा एकही भाग नसल्यामुळे तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचे ‘ड्राइव्ह’ हे नावही तिने उसनेच घेतलेले आहे.

खरी गंमत तिच्या पोटातल्या ‘फ्लॅश’ची. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी ही स्मृती घडवली, तेव्हा तिच्यातला मजकूर एका झटक्यात पुसता येतो हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव रूढ झाले. म्हणजे लग्नाच्या फोटोंपासून सातबाऱ्यापर्यंत सारे काही आपण जिच्या भरवशावर ठेवतो, तिचे बारसे मुळात पुसण्याच्या गुणावरून झाले!

हार्ड डिस्कची कथा तर थेट बंदुकीशी जाऊन भिडते. आयबीएमच्या 3340 या 1973 सालच्या यंत्रात प्रत्येकी 30 मेगाबाइटचे दोन भाग ठेवण्याचा मूळ बेत होता. त्या ‘तीस-तीस’वरून ते यंत्र घडवणाऱ्या चमूचे प्रमुख केनेथ हॉटन यांना .30-30 विंचेस्टर रायफल आठवली आणि पुढे अशा डिस्कना कितीतरी वर्षे विंचेस्टरच म्हणत. फ्लॉपी मात्र सरळमार्गी: 1971 ची आठ इंची तबकडी खरोखरच लुळी होती, साडेतीन इंचीला पुढे टणक कवच आले तरी नाव सुटले नाही.

जुन्या शब्दांचीही तीच तऱ्हा आहे. ‘दप्तर’ फारसीतून आले असले तरी त्याचे मूळ कमावलेल्या कातड्याला ग्रीक भाषेत असलेल्या ‘डिफ्थेरा’ या शब्दात आहे, हे चपलांच्या गावाला परके वाटू नये. ‘फाइल’ निघाली लॅटिनमधल्या दोऱ्यावरून, कारण कागद दोऱ्यात ओवून ठेवत. आपल्याकडे दोऱ्यापेक्षा कापडाला मान: मोडी कागद ज्या फडक्यात बांधतात त्यावरून त्या गठ्ठ्यालाच ‘रुमाल’ म्हणतात, आणि येथील पुरालेखागारात करवीर संस्थानचे दप्तर धुंडाळणाऱ्या अभ्यासकांच्या तोंडी हाच शब्द असतो. माझ्या संगणकावरच्या एका फोल्डरला ‘रुमाल’ हे नाव देऊन मीही ती हौस भागवून घेतली आहे.