नो ड्यूजची सही आणि मायनस ऐंशीतले डबे

थीसिस जमा केला की लॅबमधून सुटलो असं वाटतं. नो ड्यूजच्या, म्हणजे कोणाचं काही देणं उरलं नाही अशा, फॉर्मवर लायब्ररी, हॉस्टेल, स्टोअर्स यांच्या सह्या दोन दिवसांत होतात. गाईड मॅडमची सही मात्र चार्ज दिल्याशिवाय, म्हणजे नमुने, वह्या आणि फाइली लॅबच्या ताब्यात दिल्याशिवाय, होत नाही, आणि होऊही नये. आमची मॉलिक्युलर बायोलॉजीची लॅब. चार्ज द्यायला मला सहा आठवडे लागले, त्यातले चार एकट्या मायनस ऐंशी अंशांच्या फ्रीझरने खाल्ले.

एका डब्यात नऊ बाय नऊ, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यांच्या ८१ ट्यूब. डबा टेबलावर ठेवून वाचत बसलं तर सगळं वितळतं. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस, त्यावर डबा, आणि एकेक ओळ एक्सेलमध्ये: डबा, डब्यातलं घर, स्ट्रेन (जिवाणूचा वाण), प्लास्मिड (जिवाणूत घातलेला डीएनएचा गोल तुकडा), अँटिबायोटिक, तारीख, वहीचं पान. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. ग्लोव्हजचा हात कीबोर्डला लावायचा नाही, दरवाजाच्या कडीलाही नाही. इतरांशी सर्वांत जास्त खटके याच्यावरून उडतात.

साध्या मार्करची अक्षरं ७० टक्के इथेनॉलचा ओला हात लागला की गेली. झाकणावरचं नाव तर बिनभरवशाचंच, दोन ट्यूब एकदम उघडल्या की झाकणांची अदलाबदल होते. नाव ट्यूबच्या अंगावर, गारठ्यातही न सुटणाऱ्या क्रायो लेबलवर हवं. ‘नवीन’, ‘चांगली’, ‘फायनल २’ अशा नावांच्या ज्या ट्यूबचा पत्ता वहीत लागला नाही, त्या फेकल्या. जीव तुटतो, पण अशी ट्यूब ज्युनिअरच्या हाती दिली तर त्याचे महिने जातात.

उरलेले जिवाणूंचे स्टॉक जिवंत आहेत का, तेही पाहिलं. ट्यूब वितळू न देता वरचा बर्फ टोकाने खरवडायचा आणि त्या-त्या अँटिबायोटिकच्या प्लेटवर रेघोट्या ओढायच्या. वारंवार वितळलेले स्टॉक बऱ्याचदा उगवत नाहीत. ते नव्याने केले: रात्रभर वाढवलेलं कल्चर ५०० मायक्रोलिटर, गोठताना पेशी वाचवणारं ५० टक्के ग्लिसरॉल ५०० मायक्रोलिटर.

वही लॅबमध्येच राहते, आपण फार तर स्कॅन नेतो, तोही विचारून. पानांना क्रमांक, चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. खोडरबर, व्हाइटनर नाही. फाइलींची नावं वहीच्या पानावरून दिली होती, ‘वही३_पान४७’ अशी, त्याचा फार उपयोग झाला. मायक्रोस्कोपच्या मूळ फाइली ठेवायच्या. नुसत्या जेपेगमध्ये पिक्सेलचं माप आणि एक्सपोजर राहत नाही, मग फोटोवर स्केल बार (मापाची रेघ) टाकणार कशावरून? जेलचे न कापलेले फोटोही ठेवायचे, जर्नल मागतात.

कचरा एका दुपारचं काम. जुन्या प्लेट १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायच्या, पिशवीचं तोंड सैल ठेवून, नाहीतर वाफ आत शिरत नाही. ब्लीच घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये नाही, क्लोरीन सुटतो. एथिडियम ब्रोमाइड, म्हणजे जेलमधला डीएनए दिसावा म्हणून वापरायचा घातक रंग, सिंकमध्ये नाही.

लेखकांच्या यादीचं बोलणं लोक लाजेखातर टाळतात. मी मॅडमना आणि सहलेखकांना एकच ईमेल केली: कुठली फिगर कोणाची, कुठला प्रयोग अपुरा, तो कोण पुरा करणार आणि केल्यावर नावांचा क्रम काय. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या निकषांप्रमाणे अंतिम मसुद्याला प्रत्येक लेखकाची मंजुरी लागते, म्हणजे सोडून गेलेला माणूस सापडला पाहिजे. संस्थेचा ईमेल पुढे बंद होतो. त्याआधी ऑर्किडच्या (संशोधकाच्या कायमच्या ओळखक्रमांकाच्या) खात्यात खासगी ईमेल जोडून घेतला.

शेवटी ज्युनिअरला नुसती एक्सेल आणि वही दिली आणि एक प्रयोग मला न विचारता लावायला सांगितला. ती दोन ठिकाणी अडली. मी लिहिलं होतं ‘नेहमीचा बफर’, आणि ‘३० मिनिटं शेकरवर’, तापमानाशिवाय. दोन्ही ओळींशेजारी बफरचा पीएच, मीठ आणि ३७ अंश असं लिहून खाली त्या दिवसाची तारीख घातली. मग फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला.