भंडारदऱ्याला आम्ही दोघंच

मुलांना आजीकडे सोडून आज दोघंच भंडारदऱ्याला. नाशिकहून घोटी, बारी, शेंडी. बारीला गाडी थांबवली, पण १६४६ मीटरच्या कळसूबाईने ढगातून तोंड काही दाखवलं नाही. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ सालचं. तिथे सेल्फीवाल्यांचीच जत्रा, लगेच निघालो.

खरी मजा रतनवाडीत. अमृतेश्वराचं देऊळ बघून झालं, पण मी रमले ते पुष्करणीत. चहूबाजूंनी कोरीव कोनाडे, त्यात विष्णूच्या मूर्ती, पायऱ्यांवर शेवाळ. घसरू नये म्हणून अहोंनी हात धरला तो गाडीपर्यंत सोडलाच नाही! (सप्तपदीलासुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.)

जलाशयाकाठच्या टपरीवर गरम नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. रिसॉर्टच्या बुफेचे पैसे भरून झालेत, तरी रात्री परत इथेच जेवायचं ठरलंय.