कौतुक न मागणारे जेवण

दिवस वाईट गेला असेल, तर घरी आल्यावर मी सर्वांत आधी तांदूळ धुतो. एक वाटी तांदूळ, सात वाट्या पाणी, चवीपुरते मीठ आणि जाड बुडाचे पातेले, एवढ्यावर आमच्याकडचा मऊ भात होतो. मंद आचेवर त्याला पाऊण तास लागतो, तेव्हा दमलेल्या माणसाची ही काही झटपट सोय नव्हे. सकाळचे उरलेले गरम करून खाल्ले, तर पाच मिनिटांत मोकळे होता येते. तरीही मी भातच टाकतो, कारण त्या पाऊण तासात माझ्याकडून कोणाचीही कसलीही अपेक्षा नसते. उकळी आली की आच कमी करायची, झाकण थोडे तिरके ठेवायचे आणि अधूनमधून येऊन तळ ढवळून जायचे, एवढेच काम. मधल्या वेळात हातपाय धुऊन होतात, कपडे बदलून होतात, आणि घरात शिरताना जे काही डोक्यात घोळत असते त्याची धारही थोडी बोथट होते.

झाकण तिरके ठेवण्याचा धडा मात्र मी पुस्तकातून नव्हे, तर ओटा पुसून पुसून शिकलो आहे. तांदळातून सुटलेले स्टार्च पाण्यावरच्या बुडबुड्यांना बळ देते, त्यामुळे ते सहजी फुटत नाहीत, एकावर एक चढत जातात आणि आपली पाठ वळली की पातेल्याबाहेर येतात. झाकणाला जरा फट ठेवली की वाफेला वाट मिळते, फेस वर येता येता बसतो, आणि झाकण एका ठरावीक लयीत थडथडत राहते. हा आवाज आमच्या घरात सर्वांना कळतो. तो सुरू झाला की पलीकडच्या खोलीतून ‘जेवायला काय आहे’ हा प्रश्न येत नाही.

या भातात काय घडते, हे समजून घेतल्यापासून तो मला अधिकच आवडू लागला आहे. तांदळातले स्टार्च साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी शोषून फुगू लागते. एरवीचा भात करताना दाणा शिजला की आपण थांबतो, कारण तो मोकळा, सुटा हवा असतो. मऊ भाताला पाणीही मुबलक आणि वेळही मुबलक. त्यामुळे दाणे फुगतात, उकलतात, आणि त्यांतले अमायलोज, म्हणजे स्टार्चचाच एक घटक, बाहेर पाण्यात उतरून सगळ्या पातेल्याला दाटपणा आणते. पुढचे काम तोंडात होते. लाळेतले अमायलेज हे विकर स्टार्चचे तुकडे करून त्यातून माल्टोज नावाची साखर मोकळी करते, म्हणून साखरेचा कणही न घालता घोळवून खाल्लेल्या भाताला एक पुसटशी गोडी येते. दातांना फारसे काम नाही, जिभेला कोडे नाही. वरून थोडे तूप, लोणी किंवा तेल, घरात जे असेल ते, घातले की घशाखाली उतरण्यापुरताही त्रास उरत नाही.

वासाची गोष्ट याहून मजेदार आहे. शिजणाऱ्या सुगंधी तांदळाचा जो ओळखीचा वास येतो, त्यामागे मुख्यतः २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन हा एक रेणू असल्याचे १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. हाच रेणू ताज्या भाजलेल्या पावाच्या कवचातही असतो, आणि मक्याच्या लाह्यांतही. पाण्यात त्याचे प्रमाण एक अब्जात एकाहून कमी असले तरी आपल्या नाकाला तो कळतो. म्हणजे भाताच्या घरात वाढलेला एक माणूस आणि पावाच्या घरात वाढलेला दुसरा, हे दोघे आपापल्या दारात थबकून ‘आलो बुवा घरी’ असे मनात म्हणतात, तेव्हा दोघांच्या नाकात कदाचित एकच पाहुणा शिरलेला असतो. हे वाचले त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला गाठून सांगितले होते. उत्साहाने ऐकणारे कोणी भेटले नाही, ही गोष्ट वेगळी.

काही वर्षांपूर्वी मला या भातात सुधारणा करण्याची बुद्धी झाली. स्वयंपाकाचे नवे वेड लागलेल्या माणसाला साधी गोष्ट साधी राहू देणे जमत नाही, तसे माझे झाले. लसूण मंद तेलात सोनेरी केला, कांदा वेगळा कुरकुरीत तळला, तांदूळ आधी परतून घेतला, पाण्याऐवजी भाज्यांचे सार घातले, आणि वरून कोवळी हिरवी पाने कातरून पसरली. दिसायला ते सुरेख होते. चवीलाही, माझ्या मते, उत्तम होते. सगळे टेबलाभोवती बसले, पहिला घास झाला, आणि एकेक जण बोलू लागला: छान झालंय, लसूण छान लागतोय, हे काय घातलं आहेस, पुन्हा कर. मी कसे केले ते सांगितले. कोणी आणखी काही विचारले, मी त्याचेही उत्तर दिले. जेवण संपल्यावर माझ्या ध्यानात आले की एरवी या भाताबरोबर आम्ही जे गप्प बसतो, कोणी ताटावरून नजर न उचलता दिवस आतल्या आत निवळू देतो, ते आज घडलेच नाही. मी भातात लसूण घातला नव्हता, मी त्यात स्वतःला घातले होते. त्या जेवणाने आल्या आल्या टाळ्या मागितल्या, आणि बिचाऱ्या दमलेल्या माणसांना त्या द्याव्या लागल्या.

त्या रात्रीपासून माझ्यापुरती या जेवणाची व्याख्या पक्की झाली. मनाला आधार देणारे जेवण चविष्ट असेलच असे नाही, पौष्टिक असेलच असेही नाही. पण ते कौतुक मागत नाही. चांगले झाले की नाही, हा प्रश्नच त्याच्या बाबतीत पडत नाही. आपण रोजच्या उशीला कधी गुण देत नाही, तसेच हे.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका प्रयोगाने. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ट्रेसी मॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना उदास करणारी चित्रफीत दाखवली, आणि नंतर काहींना त्यांनी स्वतः सांगितलेला मनाच्या आधाराचा पदार्थ दिला, काहींना आवडता पण तसा आधाराचा नसलेला पदार्थ दिला, काहींना अगदी साधे काही दिले, तर काहींना काहीच दिले नाही. थोड्याच वेळात सगळ्यांची मनःस्थिती सारखीच सुधारली. आधाराच्या पदार्थाने वेगळी जादू केली नाही. उदासी आपोआपच ओसरत होती, आणि श्रेय मात्र समोरच्या बशीला मिळत होते.

मला आधी राग आला. नंतर वाटले, हे आपल्याला नवे कुठे आहे? झाकणाचा आवाज सुरू होतो तेव्हाच मला बरे वाटू लागते, भात तर तेव्हा कच्चा असतो. तरीही त्या प्रयोगाबद्दल माझी एक तक्रार शिल्लक आहे. चित्रफितीने आलेली उदासी आणि आठवडाभर साचलेला शिणवटा, या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. शिवाय प्रयोगशाळेत पदार्थ आयता हातात येतो, तांदूळ धुण्यापासूनचा पाऊण तास तिथे कोणाला मिळत नाही. माझा अर्धा आराम त्या पाऊण तासात असतो.

जॉर्डन ट्रोइसी आणि शिरा गेब्रियल या दोघांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला जास्त पटतो. ज्यांना चिकन सूप हा आपला आधाराचा पदार्थ वाटतो, त्यांच्या मनात ते प्यायल्यावर नात्यांशी जोडलेले शब्द अधिक सहज येत होते. ज्यांना सूपाचे तसे काही वाटत नव्हते, त्यांच्यावर तो परिणाम दिसला नाही. म्हणजे गुण सुपात नसतो, सूप कोणी पाजले होते त्यात असतो. आणि ही ओळख फार लवकर सुरू होत असावी. ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००१ मधील एका प्रयोगात काही स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, तर काहींना अंगावर पाजत असताना नियमितपणे गाजराचा रस दिला होता. पुढे त्यांच्या बाळांना गाजराची चव असलेली पेज भरवली, तेव्हा ज्या बाळांना त्या चवीची आधी गाठभेटच झाली नव्हती त्यांच्या तुलनेत या बाळांनी तोंडे कमी वाकडी केली. घरची चव घरात येण्याआधीच ओळखीची होते, ती अशी.

इथे आईची आठवण येणे स्वाभाविक आहे, आणि मीही बरीच वर्षे तिच्या हातच्या मऊ भाताचे गोडवे गात होतो. एकदा तिच्यासमोरच गायलो. म्हणालो, “आई, तुझ्यासारखा भात मला अजून जमत नाही.” ती हसली आणि म्हणाली, “मला कुठे आवडायचा तो? तापाने फणफणलेल्या पोराजवळ बसायचं, तर गॅसवर आपलं आपण शिजत राहील असं दुसरं काय होतं?” मी क्षणभर नाराज झालो. जे मी मायेची चव म्हणून जपले होते, ते तिच्या लेखी नुसती सोय होती. मग हळूहळू लक्षात आले की ती सोय ज्यासाठी होती, ते तर माझ्या उशाशीच बसलेले होते. भाताने तिला स्वयंपाकघरातून मोकळे केले होते, आणि ती मोकळीक माझ्या वाट्याला आली होती.

या जेवणाभोवती आणखी काही बारीकसारीक गोष्टी गोळा झालेल्या आहेत, आणि मला त्यांचाही मोह सुटत नाही. आमच्या डब्यात एक जुना चमचा आहे, दांडा किंचित वाकलेला, बाकीच्या संचाशी न जुळणारा. मऊ भात मी त्याच चमच्याने खातो, आणि तो दुसऱ्या कोणी घेतला तर माझ्या वयाला न शोभणारी कुरकुर करतो. पातेल्याच्या तळाशी बसलेली खरवड हा दुसरा मोह. पाणी आहे तोवर पातेल्यातले तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून भात पांढराच राहतो. पण तळाशी पाणी आटले की तिथला थर त्यापुढे तापतो आणि तांबूस होऊ लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये जिचे वर्णन केले, तीच ही अभिक्रिया; पावाचे कवच आणि कॉफीचे भाजलेले दाणे यांनाही तीच रंग आणि वास देते. ढवळण्यात हयगय झाल्याशिवाय खरवड मिळत नाही, त्यामुळे आमच्याकडे ती मिळाल्याचा आनंद आणि पातेले घासण्याची शिक्षा एकाच माणसाला दिली जाते.

भात उरला तर तो ओट्यावर रात्रभर ठेवत नाही. बॅसिलस सेरेअस या जिवाणूची बीजाणुरूपे उकळीतही तग धरतात, कोमट भातात पुन्हा वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले एक विष नंतर भात कितीही गरम केला तरी नाहीसे होत नाही. म्हणून तास-दोन तासांच्या आत तो पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये टाकावा. सकाळी त्याची वडी झालेली असते, कारण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून घट्ट होतात. पावही याच कारणाने बाहेरच्यापेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा लागतो. भातात थोडे पाणी घालून पूर्ण वाफ येईपर्यंत गरम केला, तर तो बऱ्यापैकी पूर्वपदावर येतो. बऱ्यापैकीच, पहिल्या रात्रीचा तो नसतो.

माझ्या मुलीला मात्र मऊ भाताचे काहीही वाटत नाही. लहानपणी आजारी पडली की मी मोठ्या विश्वासाने तिच्यापुढे वाटी ठेवायचो, आणि ती दोन चमच्यांनंतर तोंड फिरवायची. परंपरा पुढे न्यायची असे आपण ठरवतो, मुले निवड दुसऱ्याच कशाची तरी करतात. परीक्षेच्या दिवसांत ती टोस्ट मागते, आणि तोही माझ्याच हातचा. माझे लक्ष नेहमीच दुसरीकडे असते, त्यामुळे टोस्टची एक बाजू हमखास करपते. मग तो सिंकवर धरून मी सुरीने काळा भाग खरवडून काढतो आणि लोण्याने झाकून टाकतो. तिची आई याहून कितीतरी चांगला, एकसारखा सोनेरी टोस्ट करते. एकदा मी विचारले, “आईलाच का सांगत नाहीस? तिचा चांगला होतो.”

पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, “आईचा आवाजच येत नाही ना, बाबा.”

मला आधी कळलेच नाही. नंतर सुरी टोस्टवर फिरू लागली, खर्र खर्र असा तो कोरडा आवाज स्वयंपाकघरातून तिच्या खोलीपर्यंत गेला, आणि तिने खुर्ची मागे सारल्याचे मला ऐकू आले.